‘पोस्ट मारला’ की ‘मारली’? आणि ‘मोडल’ला मराठीत काय म्हणायचं?

सातारकर:
कॅममधून (संगणकावर टूलचा मार्ग आखणारं सॉफ्टवेअर) सीएनसी मशीनचा प्रोग्राम काढताना ‘पोस्ट मारला’, ‘पोस्ट मारली’, ‘पोस्ट केलं’ ही तिन्ही रूपं एमआयडीसीत एकाच शेडखाली ऐकू येतात. लिंग कोणतं धरायचं? पोस्ट प्रोसेसरला, म्हणजे तो मार्ग त्या-त्या मशीनच्या कोडमध्ये उतरवणाऱ्या फाइलला, मराठी शब्दही सुचवा. ‘पश्चप्रक्रियक’ तेवढा नको.

कुपवाडचा सेटर:
लिंगापेक्षा अर्थाचा घोळ मोठा आहे. ‘पोस्ट दुरुस्त केला’ म्हणजे निघालेल्या प्रोग्रामात हाताने ओळ घातली, की प्रोग्राम काढणारी फाइलच बदलली? हाताने घातलेली ओळ पुढच्या जॉबला पुन्हा घालावी लागते, आणि नाइट शिफ्टला नेमकी तीच राहते. म्हणून फाइल तो ‘पोस्ट’ (प्रोसेसर तो, म्हणून पुल्लिंगी) आणि त्यातून निघतो तो ‘प्रोग्राम’. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

मिरजेहून:
‘दुभाष्या’ म्हणा की. टूलपाथ (टूलचा मार्ग) एकच, पण खोल भोकासाठी फॅनुक कंट्रोलरला जी ८३ सांगायचं आणि सीमेन्सला सायकल ८३. दोघांना सोबत द्यायचे आकडेसुद्धा वेगळे.

कुपवाडचा सेटर:
दुभाष्या शिकवताना बरा, शॉपवर कोणी म्हणणार नाही. पोस्टच म्हणतील.

सातारकर:
मग ‘मोडल’? नवीन पोरं ‘मॉडेल’ लिहितात. आणि ‘मोडलं’ ऐकलं की सगळे आधी टूलकडे बघतात!

पोस्टवाला, सांगली:
मॉडेलशी संबंध नाही, मूळ शब्द ‘मोड’. एकदा दिला की त्याच गटातला दुसरा कोड येईपर्यंत लागू राहतो तो मोडल. जी ०१ (सरळ रेषेत कटिंग), जी ९० (मापं शून्यापासून), जी ९१ (मापं आहे तिथून) हे तसले. जी ०४ (थोडं थांबणं) आणि जी २८ (मशीनच्या मूळ जागी परतणं) त्याच ब्लॉकपुरते, म्हणजे त्याच ओळीपुरते. ऑपरेटर ‘जी ९१ बसून राहिला’ म्हणतात, त्यावरून मी ‘बसता कोड’ आणि ‘एकवेळचा कोड’ सुचवतो.

पोस्ट बदलताना हा शब्द कळला नाही तर धडक ठरलेली. फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरचा पोस्ट .सीपीएस फाइल असतो, भाषा जावास्क्रिप्ट. कोणता कोड बसलाय याची आठवण त्यात मोडल व्हेरिएबल ठेवतं, आणि तोच कोड पुन्हा आला तर छापत नाही. समजा, टूल बदलण्याआधी झेड वर न्यायला तुम्ही ‘जी ९१ जी २८ झेड ०’ ही ओळ सरळ मजकूर म्हणून घातली. मशीनवर जी ९१ बसला, पण पोस्टच्या आठवणीत अजून जी ९०. म्हणून पुढे जी ९० छापलाच जात नाही. मग ‘एक्स १००.’ म्हणजे शून्यापासून १०० नव्हे, आहे तिथून आणखी १०० मिमी. उपाय: ९१ आणि त्यानंतरचा ९० दोन्ही त्या मोडल व्हेरिएबलमधूनच छापायचे. नाहीतर आपल्या ओळीनंतर व्हेरिएबल रिसेट करायचं, म्हणजे पुढच्या वेळी कोड नक्की छापला जातो.

मिरजेहून:
‘बसता’ आवडला. दशांश चिन्हाला काय म्हणता?

पोस्टवाला, सांगली:
‘टिंब’. फॅनुकवर नेहमीच्या सेटिंगला ‘एक्स ५०’ म्हणजे ०.०५० मिमी, ‘एक्स ५०.’ म्हणजे ५० मिमी. पॅरामीटर ३४०१ चा शून्य क्रमांकाचा बिट १ असेल तर बिनटिंबाचा ५० सुद्धा ५० मिमी. म्हणून एका मशीनवर चाललेला पोस्ट दुसऱ्यावर जॉबला नुसता ओरखडा काढतो. पोस्टमध्ये अंकांचा फॉरमॅट ठरवतात तिथे टिंब सक्तीचं करून टाका.

कुपवाडचा सेटर:
मूळ पोस्टला हात लावू नका, प्रत काढून नाव बदला. एका वेळी एकच बदल, मग तोच जॉब जुन्या-नव्या पोस्टने काढून दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून ताडा. पहिली फेरी हवेत: एक्सटर्नल ऑफसेटला (सगळ्या जॉबचं शून्य एकदम सरकवणारी नोंद) झेड ५० मिमी वर, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता होणारी जलद चाल) २५ टक्के. जी २८, जी ५३ ला मात्र तो ऑफसेट लागत नाही, तिथे बोट फीड होल्डवरच (चाल थांबवायचं बटण).

सातारकर:
पोस्ट पुल्लिंगी, मोडल म्हणजे बसता. नोंद करतो. ‘हवेत फेरी’ला ‘ड्राय रन’ म्हणावं का?

कुपवाडचा सेटर:
नको. ड्राय रन हे पॅनलवरचं वेगळं बटण आहे, ते प्रोग्रामचा फीड (टूलच्या चालीचा वेग) सोडून जॉग फीडने, म्हणजे पॅनलवर लावलेल्या वेगाने, पळवतं.