मदत हवी आहे: तोब्रुकला आजोबांना पकडणारी जर्मन रणगाडा रेजिमेंट कोणती, पाचवी की आठवी?

माणदेशी_गडी:

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबण आहे, पण इथे दुसऱ्या महायुद्धातलं खोलात जाऊन वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

माझे आजोबा खटाव तालुक्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते, म्हणजे 'काली पाचवी'त. २० जून १९४२ ला लिबियातल्या तोब्रुक बंदराला पकडले गेले. पुढे इटलीत अवेझ्झानोच्या छावणीत, मग जर्मनीत, आणि १९४५ च्या शेवटी घरी. आल्यावर आजीने ओळखलं नाही म्हणे. तो किस्सा आमच्याकडे दर दिवाळीला व्हायचा.

लढाईबद्दल मात्र ते फार बोलत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "सकाळच्या पारी इमानं आली. बाँब पडून पडून जिमीन उकरून निगाली. मग धुरळ्यातनं गाड्या आल्या. एक माज्यापासनं ह्या पडवीपासून त्या आडाएवढी लांब थांबली. वरचा मानूस कमरंपातुर भाईर, डोळ्याला चष्मा, धुळीनं आख्खा पांढरा. त्यानं हात हलवला, की बंदूक टाक. गाडीवर नारळाचं झाड काढल्यालं, आन् वर तांबडा आकडा."

आता प्रश्न. नेटवर वाचलं की त्या दिवशी जर्मनांच्या दोन चिलखती डिव्हिजन होत्या: १५ व्या पँझर डिव्हिजनची ८ वी रणगाडा रेजिमेंट आणि २१ व्या डिव्हिजनची ५ वी. आजोबांसमोर उभी राहिलेली गाडी कुणाची, हे नारळाच्या झाडावरून कळेल का? आणि त्या रेजिमेंटचं पुढे काय झालं? पाचवीबद्दल शोधायला गेलं की कधी नॉर्मंडी येतं, कधी रशिया येतं, आणि डोक्याचं भजं होतं.

कृपया 'गुगल करा' म्हणू नका. केलंय.

रणगाडेवेडा:

नारळाच्या झाडावरून कळणार नाही. ते चिन्ह सगळ्या आफ्रिका कोअरचं, म्हणजे आफ्रिकेतल्या रोमेलच्या जर्मन फौजेचं, त्यामुळे दोन्ही डिव्हिजनच्या गाड्यांवर असायचं. पण आकडा कामाचा आहे. नुसता आकडा होता की तीन अंकी? आफ्रिकेत आठव्या रेजिमेंटच्या गाड्यांवर सहसा एकच मोठा आकडा असे, कंपनीचा. पाचवीच्या गाड्यांवर मात्र तीन अंकी नंबर, बहुतेक वेळा लाल. कुटुंबात कुणाला आठवत असेल तर आधी ते विचारा.

शोधताना गोंधळ का होतो तेही सांगतो. एसएस, म्हणजे नाझी पक्षाच्या वेगळ्या सैन्याच्या 'वायकिंग' डिव्हिजनमध्येही ५ व्या नंबरचीच रणगाडा रेजिमेंट होती, ती रशियातली. तिचा आपल्याशी संबंध नाही. आणि नॉर्मंडीत लढलेली २१ वी पँझर डिव्हिजन ही नंतर फ्रान्समध्ये नव्याने उभी केलेली. तिच्यात २२ वी रणगाडा रेजिमेंट होती, पाचवी नव्हे.

तुमची पाचवी म्हणजे १९३५ साली बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फला उभी राहिलेली, जर्मनीच्या सगळ्यात जुन्या रणगाडा रेजिमेंटांपैकी. पोलंड आणि फ्रान्समध्ये ती ३ ऱ्या पँझर डिव्हिजनबरोबर लढली. १९४१ च्या सुरुवातीला तिथून काढून ५ व्या लाइट डिव्हिजनला (हीच पुढे २१ वी पँझर झाली) दिली आणि मार्चमध्ये त्रिपोलीत उतरवली. येताना लेव्हरकुझेन जहाजाला आग लागून तेरा रणगाडे गेले ते वेगळंच. त्रिपोलीच्या संचलनाची गोष्ट सांगतात: जर्मन सेनापती रोमेलने तेच तेच रणगाडे चौकाला वळसा घालून पुन्हा पुन्हा मिरवले, म्हणजे बघणाऱ्या हेरांना वाटावं की संपतच नाहीत!

पण तोब्रुकला पहिल्या फेरीत याच रेजिमेंटने मार खाल्ला होता. १४ एप्रिल १९४१, ईस्टरचा सोमवार. ऑस्ट्रेलियन शिपायांनी रणगाडे आत येऊ दिले, स्वतः खंदकात बसून राहिले, आणि मागून येणारं पायदळ तोडलं. आत शिरलेल्या गाड्यांवर ब्रिटिश तोफा थेट नेम धरून चालल्या. १७ रणगाडे गमावून बाकीचे परत फिरले. कमांडर ओल्ब्रिचचं पद नंतर गेलं.

खडूस_मास्तर:

वरचा प्रतिसाद चांगला आहे, पण एक धोका सांगतो. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत नंतर पाहिलेले फोटो मिसळतात. मी स्वतः आमच्या वडिलांच्या बाबतीत फसलोय.

२० जूनचा घटनाक्रम बघा. पहाटे पाचनंतर विमानांचा मारा सुरू झाला. तो सगळा आग्नेयेच्या बाजूला, जिथे ११ वी इंडियन ब्रिगेड होती: कॅमेरॉन हायलँडर्स, गुरखे आणि मराठे. जर्मन सॅपर (सुरुंग काढणारे, वाट करणारे शिपाई) आणि पायदळ मराठ्यांच्या ठाण्यांवरच आलं. तिथले बरेच भूसुरुंग आधीच उपसून तोब्रुकच्या पश्चिमेला गझालाच्या फळीवर नेले होते. रणगाडाविरोधी चर कित्येक ठिकाणी वाळूने भरला होता. आपल्या पोरांनी काय करायचं होतं? साडेआठ-नऊच्या सुमारास रणगाडे आत होते.

म्हणजे दोन्ही डिव्हिजनच्या गाड्या मराठ्यांच्या टापूतूनच गेल्या. दुपारनंतर आतल्या चौफुल्यावरून वाटा फुटल्या: १५ वी पश्चिमेला पिलास्ट्रिनोच्या धारेकडे, २१ वी खाली बंदराकडे. आजोबा सकाळीच पकडले गेले असतील तर नुसत्या जागेवरून निकाल लागणार नाही. आकडाच लागेल.

बेळगावची_माई:

माझे सासरे याच पलटणीतले. १९४१ च्या जूनमध्ये हलफाया खिंडीच्या लढाईतही दुसरी बटालियन होती. तेव्हाच ही जर्मनांची पाचवी रणगाडा रेजिमेंट इजिप्त-लिबियाच्या सीमेवर त्यांच्या मदतीला धावून आली होती, त्यामुळे एकाच वाळवंटात वर्षभर आधी दोघे आसपास होते बघा.

दादा, घरात डिस्चार्ज बुक असेल तर त्यावरचा नंबर घेऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका. गाव, तालुका, भरतीचं साल स्पष्ट लिहा. ईमेलवर विसंबू नका, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. कैदेचा तपशील हवा असेल तर जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे अर्ज करता येतो. ब्रिटिशांचे मध्यपूर्वेतले रोजनामचे लंडनला क्यूच्या अभिलेखागारात आहेत, जर्मनांचे फ्रायबुर्गला.

रणगाडेवेडा:

'पुढे काय झालं' राहिलंच. तोब्रुकच्या विजयाने रोमेल फील्डमार्शल झाला, आणि रेजिमेंट तशीच इजिप्तकडे पळवली. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामीनला आधी दक्षिणेकडे होती, मग घाईघाईने उत्तरेला आणली. माघारीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, २१ व्या डिव्हिजनचं पेट्रोलच संपलं. अडकलेले बहुतेक रणगाडे त्यांनी स्वतःच्याच हाताने उडवले. चार उरले. डिव्हिजनभरात चार!

ट्युनिशियात नव्या गाड्या मिळाल्यावर फेब्रुवारी १९४३ मध्ये सिदी बू झिदला तिने अमेरिकनांना चांगलंच झोडपलं. पण मे महिन्यात सगळंच आटपलं. जर्मन सेनापती फॉन आर्निम शरण आला तो ४ थ्या इंडियन डिव्हिजनच्या हद्दीत. तुमच्या आजोबांची ११ वी ब्रिगेड मूळची याच डिव्हिजनची. तेव्हा ते स्वतः मात्र तारेच्या आत होते.

खडूस_मास्तर:

त्या शेवटच्या योगायोगावर आपले लोक फार खूश होतात. मीही होतो, लपवत नाही.

माणदेशी_गडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आत्याला फोन केला. तिच्याकडे आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. डिस्चार्ज बुक सापडलं, पाठीमागचं पान वाळवीने खाल्लंय पण नंबर वाचता येतो. माई, रजिस्टर्डनेच टाकतो.

आकड्याचं विचारलं तर आत्या लगेच म्हणाली, "सहानं सुरू व्हायचा." तिला तो लहानपणी पाढ्यासारखा पाठ होता, आजोबा अंगणात काडीने मातीत काढून दाखवायचे. सहा, मग काहीतरी, मग शेवटी पुन्हा काहीतरी. मधला आठवेना तिला.

रणगाडेवेडा:

मग तीन अंकीच झाला की! आत्यांना फोटो वगैरे काही दाखवू नका, नाहीतर मास्तर म्हणतात तसं होईल. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा प्लाटूनचा, तिसरा त्या गाडीचा. सहा म्हणजे सहावी कंपनी, दुसरी बटालियन. माझं मत पाचवी रेजिमेंट. मधला आकडा शून्य होता का एवढंच विचारा, कारण शून्य असेल तर ती गाडी कंपनी मुख्यालयाची.

माणदेशी_गडी:

रविवारी गावी जातोय. काडी आणि माती दोन्ही तिथेच आहे, आत्यालाच काढायला सांगतो.