‘निरंतर प्रार्थना करा’ : येथे ‘निरंतर’ म्हणजे नेमके काय?

प्रश्नकर्ती, उद्यमबाग, बेळगाव

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमची घरसभा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत चालते. गेल्या आठवड्यात बायबलमधल्या, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे 17 वे वचन वाचले गेले. मराठीत ‘निरंतर प्रार्थना करा’, आणि लगेच कन्नडमध्ये ‘एडेबिडदे प्रार्थने माडिरि’. फाउंड्रीत पाळीने काम करणाऱ्या एका तरुणाने विचारले, “अक्का, आठ तास भट्टीसमोर उभा असतो. लक्ष जरा हलले तर हात भाजतो. मग निरंतर प्रार्थना मी करायची कधी? की ही आज्ञा फक्त पाळकांसाठी आहे?” मी त्या वेळी काहीबाही उत्तर दिले, पण ते मलाच पटले नाही. ‘निरंतर’चा अर्थ ‘क्षणभरही न थांबता’ असाच आहे का, आणि शिकवताना त्याऐवजी ‘अखंड’, ‘सतत’ किंवा ‘नित्य’ म्हटले तर अर्थ बदलतो का, हे कोणी सांगितले तर मी आभारी राहीन.

निपाणीकर

‘अखंड’ कृपा करून वापरू नये. आपल्या सीमाभागातील गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात आणि तिथे हा शब्द अगदी तंतोतंत अर्थाने वापरला जातो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा उभ्याउभ्या ती गळ्यात घेतो. म्हणजे जे अखंड राहते ते नामस्मरण असते, माणूस बदलत राहतो. आमच्या मंडळीत साखळी प्रार्थना ठेवतो, तेव्हा तासातासाने माणसे बदलतात, आणि तिला ‘अखंड’ म्हणणे योग्यच आहे. पौल मात्र येथे व्यवस्था लावून देत नाही. त्याच ओळींत ‘सर्वदा आनंदित असा’ आणि ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असेही तो सांगतो, आणि आनंदाची पाळी कोणी लावत नाही.

खानापूरकर

आम्ही कॅथलिक घरातले. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हातातले काम थांबवून दूतवंदना म्हणायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले आहे. म्हणून मला ‘नित्य’ हा शब्द जवळचा वाटतो. नित्यनेम म्हणतो तोच ‘नित्य’ : ठरल्या वेळी, न चुकता. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे आणि स्तोत्रकर्ता 119 व्या स्तोत्रात दिवसातून सात वेळा स्तुती करतो असे म्हणतो.

याला आधार देणारा एक उल्लेख आमच्या बायबलमध्ये आहे. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात (12:11) यहुदी लोक स्पार्टाच्या लोकांना कळवतात की आम्ही सणांच्या आणि इतर योग्य दिवशी, अर्पणांत आणि प्रार्थनांत, तुमची न चुकता आठवण करतो. तेथील ग्रीक शब्द पौलाने वापरला तोच आहे. म्हणजे ‘प्रत्येक श्वासाला’ असा अर्थ त्या शब्दातून निघालाच पाहिजे असे नाही.

शहापूर, बेळगाव (निवृत्त मराठी शिक्षक)

ताई, त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या सभेत मोठ्याने वाचलेल्या कन्नड वचनातच होते, असे मला मनापासून वाटते.

पौलाचा ग्रीक शब्द ‘अदिआलेइप्तोस’ असा आहे. त्यातले ‘अ’ नकाराचे, ‘दिआ’ म्हणजे मधून, आणि ‘लेइपो’ म्हणजे सोडणे. मध्ये जागा न सोडता, असा त्याचा घाट. आता कन्नड पाहा : ‘एडे’ म्हणजे जागा, मधली मोकळीक, ‘बिडदे’ म्हणजे न सोडता. आणि आपला ‘निरंतर’ : निर् अधिक अंतर. तीन भाषांनी तोच शब्द आपापल्या मातीतून घडवावा, हे मला फार मोलाचे वाटते. ‘सतत’ म्हणजे ताणलेले, लांबवलेले. ‘अविरत’ म्हणजे विराम नसलेले. हे दोन्ही शब्द काळाची लांबी मोजतात. ‘निरंतर’ दोन गोष्टींमधली फट मोजतो.

शिवाय मराठीत ‘अंतर’ हा शब्द केवळ मोजपट्टीचा नाही. ‘त्या दोघांत अंतर पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा मैलांबद्दल बोलत नसतो. ‘मला अंतर देऊ नकोस’ या विनवणीचा अर्थ मला टाकून जाऊ नकोस असाच होतो. व्युत्पत्तीच्या नियमाने ‘निरंतर’मध्ये ‘अंतर न देणे’ हा वाक्प्रचार सामावलेला आहे असा दावा मी करणार नाही, पण मराठी कानाला तो ऐकू येतो, आणि शिकवताना त्याचा उपयोग करण्यात मला काहीही गैर वाटत नाही. जी प्रार्थना देवाला अंतर देत नाही आणि दोघांत अंतर पडू देत नाही, ती निरंतर प्रार्थना.

पौल स्वतः कसा जगत होता हे याच पत्रात दिसते. दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनात तो सांगतो की कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा करत सुवार्ता सांगितली. कष्टाने थकलेल्या हातांच्या माणसाने कष्टाने थकलेल्या माणसांना हे लिहिले आहे, त्यामुळे फाउंड्रीतला तरुण या आज्ञेच्या बाहेर उरत नाही.

ज्यांनी या आज्ञेचा अर्थ ‘काम सोडून फक्त प्रार्थना’ असा घेतला, असा एक पंथ चौथ्या शतकात खरोखर होता. त्यांना मेस्सालियन म्हणत, आणि इ. स. 431 च्या इफिस येथील परिषदेने त्यांना दोषी ठरवले. त्यांच्यापैकी काहीजण इजिप्तमधल्या ल्युसियस नावाच्या वृद्ध साधूकडे गेल्याची एक आठवण जपली गेली आहे. आम्ही हाताने काम करत नाही, निरंतर प्रार्थना करतो, असे ते म्हणाले. त्याने विचारले, जेवता ना? झोपता ना? त्या वेळी तुमच्यासाठी कोण प्रार्थना करते? त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. मग त्याने आपली रीत सांगितली. तो खजुरीची पाने भिजवून दोर वळायचा आणि वळताना देवाकडे दया मागायचा. दिवसाला साधारण सोळा नाणी मिळत. त्यातली दोन तो दाराबाहेर ठेवी आणि उरलेल्यांत पोट भरी. जो ती दोन नाणी उचलून नेई, तो ल्युसियस जेवत किंवा झोपलेला असताना त्याच्यासाठी प्रार्थना करी.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझी आजी दिसली. ती निपाणीला विड्या वळायची. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा. आणि ओठ हलत राहायचे. आम्ही नातवंडे जवळ गेलो तर काम न थांबवता आमची नावे त्या पुटपुटण्यात यायची. पुढे बोटे चालेनाशी झाली तेव्हा ती खाटेवर बसून नुसता अंगठा तर्जनीवर फिरवत असे, आणि ओठ तसेच हलत. तिला ‘निरंतर’चा अर्थ कोणी फोड करून सांगितला नव्हता.

निपाणीकर

सर, हे वाचून डोळे भरून आले. भाषेपुरती एक भर घालतो. ग्रीक क्रियापद वर्तमान आज्ञार्थात आहे आणि त्यात चालू राहण्याची छटा असते. ‘करा’मध्ये ती हरवते, ‘करत राहा’मध्ये येते. आपल्याकडच्या बोलीत ‘काय करायलाय?’ म्हणतात, त्यातही क्रिया चाललेली असते. घरसभेत समजावून सांगताना हे उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ती, उद्यमबाग, बेळगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘निरंतर’ हाच शब्द ठेवते आणि फळ्यावर त्याच्याखाली ‘एडेबिडदे’ लिहिते. जाता जाता एक विचारू का? रोमकरांस पत्रात (12:12) ‘प्रार्थनेत तत्पर’ असे आहे. आता ‘तत्पर’ म्हटले की मुलांना तत्पर सेवा आठवते, म्हणजे चटकन उठणारा माणूस.

शहापूर, बेळगाव (निवृत्त मराठी शिक्षक)

मूळ संस्कृत अर्थाने ‘तत्पर’ म्हणजे त्याच गोष्टीत रमलेला, तीच ज्याला सर्वांत मोठी वाटते असा. ग्रीकमध्ये तेथे चिकटून राहणे, जवळ थांबून राहणे या अर्थाचे क्रियापद आहे. मार्कने (3:9) तेच क्रियापद एका होडीसाठी वापरले आहे. गर्दीने आपल्याला चेंगरू नये म्हणून येशूने शिष्यांना सांगितले की एक लहान होडी माझ्यासाठी तयार ठेवा. ती होडी कुठे गेली, काय झाले, हे तिथे काहीच येत नाही. ती फक्त काठाशी, त्याला हाताशी असेल अशी, थांबायची होती. तुमच्या मुलांना ती होडी दाखवा.