अनुभव धागा: आडबाजूचे इलेक्ट्रॉनिक कलाकार तुम्हाला कसे सापडले? खान्देशवाल्यांनो, लिहा

आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की पिकअपवर रचलेले बॉक्स, मागे धडधडणारा जनरेटर आणि ओट्यावर कानात कापूस घालून बसलेल्या आज्या, एवढंच चित्र असतं. त्याबद्दल तक्रार नाही, मीही नाचलोय. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मंडळी रात्री मोबाईलवर भलतंच काहीतरी ऐकत असतात आणि घरात कुणाला सांगत नाहीत, हे हळूहळू कळत गेलं. त्यांच्यासाठी हा धागा.

मोठ्या फेस्टिव्हलच्या पोस्टरवर ज्यांची नावं वरच्या ओळीत असतात ते इथे नकोत. ते आपोआप समोर येतात. 'अ‍ॅपने दाखवलं, आवडलं' एवढंही पुरे नाही. एका नावावरून दुसऱ्या नावापर्यंत कसे पोचलात ते लिहा. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

चोपडा तालुका, केळी बागायत

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला पंपाजवळ बसून राहावं लागतं, कारण लाईट मधेच गेली की स्टार्टर पुन्हा दाबायला कुणीतरी हवं. एका रात्री रेडिओ गार्डन हाती लागलं. पृथ्वीचा गोळा बोटाने फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, त्या गावाचं रेडिओ स्टेशन सुरू. २०१६ साली नेदरलँड्सवाल्यांनी काढलंय. फिरत फिरत लंडनच्या एनटीएस या इंटरनेट रेडिओवर गेलो. तिथे एक असा ताल लागला की आधी वाटलं नेट अडकतंय.

गाणं ऐकून नाव सांगणाऱ्या शाझम अ‍ॅपने हात वर केले. मग एनटीएसच्या साईटवर त्या कार्यक्रमाची ट्रॅकलिस्ट मिळाली, तिच्यात टांझानियाचं 'सिंगेली'. दार-एस-सलामच्या वस्त्यांमधलं संगीत, मिनिटाला दोनशे ते तीनशे ठोके. आपल्या वरातीचं गाणं याच्या जवळपास निम्म्या वेगाने चालतं. सिसो नावाच्या स्टुडिओतल्या पोरांचा संग्रह २०१७ मध्ये युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने काढला. तेव्हापासून कलाकार शोधत बसत नाही, लेबलचं पान उघडतो. ओळखीचं एक नाव, शेजारी दहा अनोळखी.

वडील तिकडच्या बांधावरून ओरडले, "हाई काय लायेल शे रे? मोटर जयनी का?" (हे काय लावलंय रे? मोटर जळाली का?)

तळोदा, बँडमध्ये किबोर्ड

लग्नसराईत रोज रात्री वाजवतो, त्यामुळे घरी गाणी ऐकायची इच्छा उरत नाही. पण यूट्यूबवर आमच्याच टिमलीचे (इकडच्या आदिवासी नाचाच्या गाण्यांचे) व्हिडिओ लोक कसे पाहतात ते बघत होतो आणि बाजूच्या पट्टीत एक माणूस दिसला. डोक्यावर लाल रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात माईक, मागे किबोर्डवाला. म्हटलं हा तर आपलाच धंदेवाला! तो सीरियाचा ओमर सुलेमान. १९९४ पासून लग्नात गाणारा. लग्नातलं रेकॉर्डिंग नवरा-नवरीला द्यायचं आणि त्याच्याच कॅसेट बाजारात फिरायच्या. त्यातून निवडलेली गाणी २००७ मध्ये अमेरिकेतल्या सब्लाइम फ्रीक्वेन्सीज या लेबलने जगभर नेली.

मला मात्र गायकापेक्षा त्याचा किबोर्डवाला रिझान सईद जास्त कळला. त्याचे काही सूर आपल्या पट्टीत बसतच नाहीत, कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध पडतात. माझ्या रोलँड किबोर्डवर स्केल ट्यूनमध्ये जाऊन ग आणि नी पन्नास सेंटने, म्हणजे पाव सुराने खाली उतरवले, उजव्या हातात सनईचा टोन ठेवला आणि तालमीत वाजवून पाहिलं. ढोलवाला हसायला लागला. मालक म्हणाला, "सुपारी परत द्यायची वेळ आणशील." पण तो टोन मी सेव्ह करून ठेवलाय. मिरवणूक रंगात आली की दोन-चार मिनिटं घुसवतो. नाचणाऱ्याला कळत नाही काय झालं, पण पाय थांबत नाहीत.

पुढचा दुवा असा: सुलेमानचा २०१३ चा अल्बम फोर टेट या इंग्रज कलाकाराने केलाय. त्याचं पान उघडलं तर २०१५ ची एक रेकॉर्ड, दोन बाजूंना मिळून दोनच लांबलचक ट्रॅक, आणि पहिल्यात चक्क लताबाईंचा आवाज. सीरियाच्या लग्नातून निघालो आणि घरी पोचलो.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर

मी लहानपणी गाण्याच्या परीक्षा दिल्या, मध्यमापर्यंत. नंतर सुटलं. 'मालकंस' शोधत होते तर एक इलेक्ट्रॉनिक मालकंस वर आला. चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या रेकॉर्डवरचा. दहा राग, खाली डिस्कोचा ठेका.

हे गृहस्थ हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडली: तालाला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीला ज्युपिटर-८. यातलं ३०३ हे गिटारवाल्यांना सरावाला साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. ते फारसं खपलं नाही, कंपनीने बंद केलं. मग शिकागोच्या पोरांच्या हाती सेकंडहँड लागलं आणि १९८७ च्या 'फ्यूचर' नावाच्या गटाच्या ट्रॅकपासून 'अ‍ॅसिड हाऊस' हे नाचाच्या संगीताचं प्रकरण सुरू झालं. म्हणजे मुंबईत तोच चरचरीत बेस पाच वर्षं आधी वाजला होता आणि कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा गवगवा झाला. २०१५ मध्ये सिंग गेले, पण त्याआधी युरोपातल्या मंचावर हे वाजवून आले.

लोक लगेच म्हणतात, 'अ‍ॅसिड हाऊसचा शोध भारतात लागला.' मला ते पटत नाही. शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असं काहीच दिसत नाही. दोन ठिकाणी एकाच यंत्रातून एकसारखं काही निघालं, एवढंच. आणि ते पुरेसं भारी आहे.

आमच्या जुन्या बाईंना ऐकवलं. डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "पंचम नाही, रिषभ नाही. माणूस चुकलेला नाही. पण दम घेत नाही गं कुठे!" एवढी नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

तिथून आरुषी जैन. अमेरिकेत राहते, तारांनी जोडलेला मॉड्युलर सिंथेसायझर आणि स्वतःचा गळा. २०२१ चा तिचा पहिला अल्बम सूर्यास्ताला ऐकण्यासाठी केलेला आहे. यात दम घेतलेला आहे, बाई! आणि मग एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) टेप्स. अहमदाबादच्या त्या संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो उभा करून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई वगैरे मंडळींनी त्यावर केलेले प्रयोग कपाटात पडून होते. पॉल पर्गस या इंग्लंडमधल्या कलाकाराने ते हुडकले, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यापासून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर हे चाललं होतं!

दीपनगर, औष्णिक केंद्रात कंत्राटी

शिफ्टमध्ये कानात इअरप्लग असतात, तरी टर्बाइनची घरघर हाडांतून येते. घरी गेल्यावर शांत गाणी लावली की तीच घरघर डोक्यात वर येते. मला तुटक ताल लागतो.

शिकागोच्या पोरांच्या पायांच्या नाचाचे व्हिडिओ बघत होतो. त्यामागचं संगीत म्हणजे फुटवर्क, १६० च्या आसपास वेग. डीजे रशाद, आरपी बू ही नावं कॉमेंटमध्ये मिळाली. कॉमेंट वाचत जा, तिथे खरे माहितगार असतात. मग जेलिन. इंडियाना राज्यातल्या गॅरी गावची बाई, पोलाद कारखान्यात कामाला होती आणि २०१५ चा 'डार्क एनर्जी' तिने ती नोकरी सांभाळत केला. हे वाचलं आणि तो अल्बम मला वेगळाच ऐकू यायला लागला. कारखान्याचा आवाज त्यात कुठेही नाही, पण शिफ्ट संपवून आलेल्या माणसाची घाई आहे.

शिरपूर

पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. लहान कलाकाराला स्ट्रीमिंगमधून जवळपास काही मिळत नाही. बँडकॅम्प या गाणी थेट कलाकाराकडून विकत घ्यायच्या साईटवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराला. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा वाटाही सोडतात. आपल्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार सहसा बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करा, मर्यादा कमी ठेवा, काम झालं की बंद करा. बरेच जण 'किंमत तुम्हीच ठरवा' असं ठेवतात. तिथे शून्य टाकूनही गाणं मिळतं, पण एका शेवभाजीच्या प्लेटचे पैसे तरी टाका राव.

धुळे, कॉलेज

रिमिक्सवाल्यांनी पिच वर-खाली केलेलं असलं की शाझमला ओळखू येत नाही. मी एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडा टाकून वेग मूळावर आणतो आणि मग शाझमला ऐकवतो. निम्म्या वेळा चालतं. बाकी डिस्कॉग्ज, म्हणजे रेकॉर्डींच्या माहितीची साईट. २००० साली ते फक्त इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डींची यादी म्हणूनच सुरू झालं होतं, त्यामुळे या प्रकारात तिथे भयंकर तपशील आहे. आणि कुणीही आपली गाणी टाकू शकतो त्या साउंडक्लाउडवर नाव न लावलेली, नुसत्या आकड्यांची अकाउंट सोडू नका. २०१५ मध्ये अ‍ॅफेक्स ट्विन या नावाजलेल्या इलेक्ट्रॉनिक कलाकाराने असंच एक अकाउंट काढून शंभरावर जुने ट्रॅक टाकले होते. अर्थात, मला अजून तरी दहावीतली पोरंच सापडलीत. पण त्यातला एक चांगलं करतो.

अमळनेर, शिक्षिका

सगळं वाचलं. कंपाला झालं, शिकागो झालं. आता एक विचारते. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ लाखोंनी बघितले जातात. त्यातला ठेका, सिंथ, तो मधेच येणारा बासरीचा तुकडा कॉम्प्युटरवर करणारा माणूस कोण, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? व्हिडिओखाली 'अधिक' दाबा. गायक, हिरो, हिरोईन, कॅमेरा, ड्रोन, मेकअप, विशेष आभारात सरपंच, आणि तळाला कुठेतरी 'म्युझिक अरेंजर'. मी ते नाव उचलून शोधते. एकाच नावाची वीसेक गाणी निघतात, वेगवेगळ्या चॅनलवर विखुरलेली. ती ओळीने लावली की माणसाची सही ऐकू येते. एक जण प्रत्येक अंतऱ्याआधी अर्धी मात्रा रिकामी सोडतो. कानबाईच्या मिरवणुकीत तीच जागा आली की बाया बरोबर तिथे गिरकी घेतात. इतक्या लोकांना नाचवणारा आणि नाव कुणालाच माहीत नसलेला इलेक्ट्रॉनिक कलाकार, अजून कुठला हवा?

धागाकर्ता

मॅडम, धाग्याच्या नियमात तुम्ही पहिल्या आलात. त्या वीस गाण्यांची यादी टाका. ज्यांना सापडतील त्यांनी अरेंजरचं नाव आणि गाणं इथेच खाली जोडत चला, गायकाचं नाव नसलं तरी चालेल.

तळोदा, बँडमध्ये किबोर्ड

आमच्या गाडीवर मालकाचं नाव, गायकाचं नाव आणि दोन मोबाईल नंबर रंगवलेत. वाजवणाऱ्यांचं कुणाचंच नाही. मॅडमचं वाचून रात्री चॅनलवाल्या पोराला बसवलं आणि जुन्या व्हिडिओंखाली किबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल सगळ्यांची नावं टाकायला लावली. तो विचारतो, "याने व्ह्यूज वाढतील का?" म्हटलं, तू टाइप कर.