मदत हवी आहे: ब्रिटनी हॉवर्डच्या ‘जेमी’वर नाराज परीक्षण कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी, नांदेडहून लिहायलोय. संगीत समीक्षेवर सेमिनार द्यायचाय, विषय घेतलाय ‘जेमी’, अलाबामा शेक्स या अमेरिकन रॉक बँडची गायिका ब्रिटनी हॉवर्डचा २०१९ चा पहिला सोलो अल्बम, लहानपणी गेलेल्या बहिणीचं नाव दिलंय त्याला. समीक्षकांनी लई डोक्यावर घेतला, २०२१ ला त्यातल्या ‘स्टे हाय’ला बेस्ट रॉक साँगचं ग्रॅमी पण मिळालं. अडचण अशी की जिथं बघावं तिथं कौतुकच सापडायलंय. मेटाक्रिटिक (समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारी वेबसाइट) बघून झालं, पण तिथं कुणाच्या परीक्षणाला किती वजन ते सांगत नाहीत, त्यामुळं नुसता आकडा सरांना चालंना. त्यातलं ‘गोट हेड’ गाणं दहादा ऐकलं, तिच्या कृष्णवर्णीय वडिलांच्या गाडीत कुणीतरी बकऱ्याचं मुंडकं टाकलं होतं ते ती इतक्या शांतपणे सांगते की अंगावर काटा येतो, म्हणजे आता मी स्वतःच तटस्थ राहिलो नाही, म्हणून दुसरी बाजू पाहिजेच. सबस्क्रिप्शन घेणं जमणार नाही, रिअ‍ॅक्शन व्हिडिओ नकोत, लिहिलेलंच पाहिजे, इंग्रजी असलं तरी चालेल, गुरुवारपर्यंत. तर अल्बम विस्कळीत वाटला किंवा बँडच बरा होता असं मुद्देसूद लिहिलेलं परीक्षण कुणी वाचलंय का, आणि ते फुकट कुठं वाचायला मिळेल?