छोट्या बशांचे जपानी जेवण : नाशिककरांनी आपले अनुभव लिहावेत

गंगापूर रस्त्यालगत दोन महिन्यांपूर्वी छोट्या बशांचे जपानी उपाहारगृह सुरू झाले आणि तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक जण त्याविषयी वेगळेच काही सांगतो. कोणाचे पोट भरले नाही, तर कोणी महिन्यात तीनदा जाऊन आले. ज्यांनी तिथे प्रत्यक्ष जेवण केले आहे त्यांनी काय मागवले, काय आवडले, काय खटकले आणि पुन्हा गेल्यास काय वेगळे कराल, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. उपाहारगृहाचे नाव मात्र कोणीही घालू नये, कारण हेतू जाहिरातीचा नाही आणि बदनामीचाही नाही.

सुरुवात मी करते. अशा ठिकाणाला जपानीत इझाकाया म्हणतात. साके, म्हणजे तांदळाचे मद्य, विकणाऱ्या दुकानातच गिऱ्हाईक बसून पिऊ लागले आणि सोबत तोंडात टाकायला काही हवे म्हणून बशा आल्या, असा त्याचा उगम आहे. आपल्या चखण्याचेच ते बहरलेले रूप म्हणता येईल. आम्ही उभयता मद्य घेत नाही, तरीही होजिचा या भाजलेल्या पानांच्या चहावर आमची संध्याकाळ उत्तम गेली. बसताच हातात वाफाळता ओला रुमाल मिळाला आणि पाठोपाठ न मागवलेली काकडी-तिळाची एक वाटी आली, जिची किंमत पुढे बिलात दिसली. ही ओतोशी नावाची तिकडची रीत आहे आणि तिला माझी हरकत नाही, परंतु ती मेन्यूकार्डावर आधीच छापलेली असायला हवी. त्यानंतर आलेल्या एदामामेने मात्र मन जिंकले. सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या असतात. शेंग ओठांत धरून दाणे दातांनी ओढून घ्यायचे आणि साल टाकून द्यायचे. ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खात वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

* * *

मला जे लिहायचे आहे ते शाकाहारी मंडळींनी अवश्य वाचावे. माझ्या आत्या ७१ वर्षांच्या असून त्यांनी आयुष्यात मासा चाखलेला नाही. आम्ही हिरवा ठिपका पाहून मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, घातलेले सूप आणि आगेदाशी तोफू, म्हणजे तळलेले सोया पनीर, मागवले. सूप आधी आले आणि आत्यांनी ते अर्धे संपवले. मग तोफूची बशी आली. तळलेल्या तोफूवर कागदाहून पातळ, तपकिरी-गुलाबी पापुद्रे पसरलेले होते आणि खालच्या वाफेने ते जिवंत असल्यासारखे वळत, थरथरत होते. आत्यांनी विचारले, ‘हे हलतंय काय गं?’ वेटरने ‘मसाला आहे’ असे सांगितले. माझे समाधान झाले नाही, म्हणून मी आचाऱ्यांना बाहेर बोलावून घेतले. ती कात्सुओबुशी होती, म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरावर वाळवून त्याचे तासलेले पापुद्रे. सुपाचे पाणी, ज्याला दाशी म्हणतात, तेही त्याचेच होते. आत्यांनी चमचा खाली ठेवला आणि त्या रात्री पाण्याशिवाय काहीही घेतले नाही. त्या कोणावर रागावल्या नाहीत, त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले.

आचाऱ्यांनी चूक मान्य केली आणि आता शाकाहारी पदार्थांसाठी कोम्बू हे समुद्री शेवाळ व वाळलेले शिताके मशरूम यांची दाशी वेगळ्या भांड्यात होते, हे मी पुन्हा जाऊन पाहिले. जपानमधील बौद्ध मठांत अशीच दाशी शतकानुशतके वापरली जात आहे. शिवाय, १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूमधूनच ग्लुटामेट हे खोल चव देणारे द्रव्य वेगळे काढून त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले, तेव्हा माशाविना ती चव उतरत नाही, ही सबब कोणीही ऐकून घेऊ नये. ‘हे शाकाहारी आहे का?’ असे विचारल्यास ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘दाशी कशाची आहे?’ असे विचारावे.

* * *

माझा मुद्दा पदार्थांचा नाही. मी पंचवटीत वाढलो आणि रामकुंडावरचे दशक्रिया विधी लहानपणापासून पाहत आलो. आमच्यासोबतच्या एका मुलाने हात मोकळा करण्यासाठी आपल्या जेवणाच्या काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या रोवल्या, तेव्हा पुण्यात जपानी कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने त्या झटकन काढून आडव्या ठेवल्या. जपानमध्ये मृताजवळ जो भात ठेवतात त्यातच काड्या उभ्या रोवलेल्या असतात. त्याचप्रमाणे एकाच्या काड्यांतला घास दुसऱ्याने आपल्या काड्यांनी घ्यायचा नसतो, कारण दहनानंतर अस्थी उचलताना आप्तेष्ट त्या तशाच एकमेकांकडे देतात. हे ऐकल्यावर त्या मुलाच्या आजीने काही न बोलता आपल्या काड्या बशीच्या कडेला नीट लावून ठेवल्या. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत जो उन्हात उभा राहिला आहे, त्याला भाताची आणि मृत्यूची ही जवळीक परकी वाटत नाही.

* * *

गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो आणि इथल्या बहुतेक पदार्थांत तो सॉस पडतो, त्यामुळे नुसता भात आणि भाजलेले मांस मागवून निर्धास्त राहू नये. तामारी नावाचा सॉस बहुधा बिनगव्हाचा असतो, तरी बाटलीवरचे घटक वाचूनच घ्यावा. मी न विचारता खाल्ले आणि दोन दिवस घरी पडून होतो.

* * *

आमची दिंडोरी तालुक्यात वाइनच्या द्राक्षांची बाग आहे, त्यामुळे कुठेही जेवलो तरी माझे लक्ष आधी मालाकडे जाते. इथे सर्वांत चांगली बशी वांग्याची होती. जांभळे वांगे उभे दुभागून, गरावर चाकूने चौकटी पाडून, तेलात मऊ करून, वर मिसोचा गोडसर लेप देऊन तो डाग पडेपर्यंत भाजलेला होता आणि त्यावर तीळ पेरलेले होते. नासु देंगाकु असे तिचे नाव आहे. चमच्याने गर सालीपासून अलगद सुटत होता. भरताच्या वांग्याचा धुरकट वास तोच, मात्र लसूण-मिरचीच्या जागी आंबवलेल्या सोयाबीनची खोल, खारट गोडी होती.

तेम्पुरा पाहून कोणीही भजी म्हणेल, पण पीठ भिजवण्याची पद्धत वेगळी आहे. गव्हाचे पीठ बर्फाच्या पाण्यात जेमतेम ढवळतात, गुठळ्या राहिल्या तरी चालतात, कारण जास्त फेटल्यास गव्हाला चिकटा सुटतो आणि आवरण जड होते. तळण्याची ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून जपानला मिळाली, असे मानतात. सोबत आम्ही आपल्याच जिल्ह्यातली शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन घेतली आणि तिच्या आंबटपणाने तेलाचा जडपणा पूर्ण कापला. त्या बाटलीकडे पाहताना मला फार अभिमान वाटला, हे मोकळेपणाने सांगतो.

वासाबीबाबत मात्र निराशा झाली. ताजा कंद किसला की त्याचा तिखटपणा थोड्याच वेळात उडतो, म्हणून तो पानापाशी किसतात. इथे मिळाली ती हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाची आणि मोहरीची हिरवी रंगवलेली पेस्ट होती. जगभर बहुतेक ठिकाणी हेच मिळते, पण मेन्यूकार्डावर ‘ताजी वासाबी’ असे लिहायला नको होते.

* * *

आम्ही घरचे सहा जण गेलो आणि पहिल्या खेपेला आपल्या सवयीने एकदम चौदा बशा मागवल्या. सर्व एकाच वेळी आल्या, टेबलावर जागा उरली नाही, कोळशावर भाजलेली याकितोरी, म्हणजे काडीला ओवलेले चिकन, निवून चिवट झाली आणि शेवटी बिल पाहून वडील गप्प झाले. दुसऱ्या खेपेला आम्ही तीन-तीन बशा मागवत गेलो, आणि त्या संपेपर्यंत पुढचे काही मागवले नाही. तेवढ्याच माणसांचे जेवण पहिल्यापेक्षा निम्म्याहून थोड्या अधिक पैशांत झाले, शिवाय प्रत्येक पदार्थ गरम खाता आला.

ज्यांचे पोट भरत नाही त्यांनी बहुधा शेवटचा भाग सोडून दिलेला असतो. अशा जेवणाची सांगता भाताने किंवा नूडल्सने करतात. तिला शिमे म्हणतात आणि आपल्या मागच्या भाताशी तिचे नाते अगदी सख्खे आहे. आम्ही ओचाझुके मागवले. वाडग्यात चिकटसर भात, वर नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे तुकडे आणि एक खारवलेले आंबट उमेबोशी फळ येते आणि त्यावर आपल्या हाताने गरम हिरवा चहा ओतायचा असतो. भातावर चहा ही कल्पना आईला पटेना. वडिलांनी मात्र किटली उचलली, आमसुलाचे सार ओतावे तसा बेताने चहा ओतला, वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावून तळाचा घोटसुद्धा संपवला आणि आईपुढे दुसरा वाडगा सरकवला.