मदत हवी आहे: बीडीडी चाळींचे टॉवर आणि कॉम्पॅक्ट सिटी
मंडळी, प्लॅनिंगच्या कोर्सला मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींचा (इंग्रजांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) पुनर्विकास हा विषय घेतलाय आणि आता पुरती अडकलेय. गाईड म्हणतात ही कॉम्पॅक्ट सिटीची (म्हणजे शहर बाहेर न पसरवता आहे त्याच जागेत दाट वस्ती, सगळं जवळ) केस आहे, १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, तेही त्याच जागेवर, म्हणजे कोणी विरार-बदलापूरला फेकलं जात नाही, हे मान्यच. पण तळमजला अधिक तीन मजल्यांची ती चाळ आधीच दाट होती की! बाजार, शाळा सगळं पायी, लिफ्ट नाही, पंपाचा खर्चही कमी. आता ४० मजले, लिफ्ट, पार्किंगचे मजले, शिवाय शंभरेक वर्षांचं बांधकाम पाडून नवं सिमेंट-स्टील, मग सस्टेनेबल कसं म्हणायचं? (खोल्यांची अवस्था बघितलीय, चाळीचे गोडवे गात नाहीये.)

तर कोणी पुनर्वसनाच्या टॉवरमध्ये राहत असेल तर महिन्याचा मेंटेनन्स, लिफ्ट-पंपाचं वीजबिल साधारण किती येतं सांगाल का? आणि पाडण्यापेक्षा दुरुस्ती केली तर कार्बन उत्सर्जन किती वाचतं याचा हिशोब कसा मांडतात, कोणी सिव्हिलवाले समजावून सांगतील का? मराठीत असेल तर फारच बरं.