रिझर्व्ह १६०, ट्रे १४३ चा: बंद होतंय म्हणजे बसतंय का?

उभी_झेप

स्कायडायव्हिंगच्या पॅराशूटची एक जुळणी तपासून हवी आहे. वापरलेला कंटेनर (पाठीवरची पॅराशूटची पिशवी) आहे. निर्मात्याच्या तक्त्यात त्याच्या रिझर्व्ह ट्रेसमोर (आणीबाणीच्या पॅराशूटच्या कप्प्यासमोर) पीडी कंपनीची पीडी रिझर्व्ह (पीडीआर) १४३ चौरस फूट 'योग्य' आणि १६० 'घट्ट' असं दिलंय. मेन, म्हणजे नेहमीचं पॅराशूट, १५०. माझं वजन ७८ किलो, सगळं गिअर अंगावर चढवून दारातून निघताना ९० किलो. उड्या १८०.

रिझर्व्हचे तीन पर्याय मिळताहेत: पीडीआर १४३, पीडीआर १६० आणि पीडीचीच ऑप्टिमम १६०. विकणाऱ्याने पीडीआर १६० घालून कंटेनर बंद करून दाखवला. दुसरीकडे काही जण म्हणतात, १२६ घे, रिग (कंटेनर, पट्टे आणि दोन्ही पॅराशूट मिळून अख्खा संच) सपाट दिसेल आणि पाठीवर हलकी वाटेल. कोणता आकडा धरू?

घडीकार

क्रम उलटा झालाय. आधी तुमच्या वजनाला रिझर्व्ह ठरवा, मग ती ज्यात नीट राहील तो कंटेनर शोधा. कंटेनर आधी हातात आला की माणूस नकळत रिझर्व्हचं माप त्याच्यापुढे वाकवतो.

९० किलो म्हणजे साधारण १९८ पौंड. त्यावरून विंग लोडिंग (दर चौरस फुटावर किती पौंड) असं येतं: १७६ वर १.१३, १६० वर १.२४, १४३ वर १.३९ आणि १२६ वर १.५७. मेन १५० वर तुम्ही १.३२ ने उडता. १२६ घेतलीत तर आयुष्यातली पहिली रिझर्व्ह लँडिंग नेहमीच्या कॅनोपीपेक्षा (पॅराशूटच्या छत्रीपेक्षा) बरीच वेगवान होणार, तीही कमी उंचीवर, कदाचित मैदानाच्या बाहेर. वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे १६० ऐवजी १२६ वर तो सुमारे १३ टक्के जास्त, आणि जमिनीवर आदळण्याची ऊर्जा २७ टक्के जास्त. शिवाय दोऱ्या आखूड असल्यामुळे लहान कॅनोपी त्याच लोडिंगलाही जास्त चपळ वळते.

मेनचा अनुभव इथे तसाच लागू होत नाही, हेही धरा. तुमची मेन बहुधा नऊ सेलची (कप्प्यांची), झिरो पोरॉसिटी, म्हणजे हवा न जाऊ देणाऱ्या, कापडाची असेल. रिझर्व्ह सात सेलची, कमी सच्छिद्र पण हवा जाऊ देणाऱ्या कापडाची असते. तिचा फ्लेअर (उतरताना ब्रेक ओढून वेग मोडणं) आखूड असतो आणि ब्रेक खोल ओढले की स्टॉल (कॅनोपीचं उडणंच थांबणं) लवकर येतो. आणि एएडीने (ठरलेल्या उंचीवर आपोआप रिझर्व्ह उघडणाऱ्या यंत्राने) रिझर्व्ह काढली, माणूस बेशुद्ध असेल, तर फ्लेअर करायला कोणीच नसतं. ब्रेक अडकवलेल्या स्थितीत, वाऱ्याची दिशा असेल तशी, ती कॅनोपी माणसाला खाली आणते. माप त्या लँडिंगसाठी निवडायचं.

लेबलवरचं कमाल वजन हा वेगळा आकडा आहे. ती प्रमाणपत्राची मर्यादा. त्याखेरीज उत्पादक अनुभवानुसार शिफारशीचे आकडे देतात आणि ते बरेच खाली असतात. १८० उड्यांना दुसरा आकडा पाहायचा.

पाय_जमिनीवर

म्हणजे १६० घ्यायची, हे बरोबर. मग तक्त्यात 'घट्ट' लिहिलंय म्हणून पीडीआर १६० बाद का करायची? नायलॉन दबतं. हवा नीट काढली, गुडघा ठेवला, लूप (कंटेनर बंद ठेवणारा दोरीचा फास) थोडा लांब घेतला की 'घट्ट' लिहिलेली मापं बंद होतात. तक्ते बनवणारेही हात राखूनच लिहितात.

सातकप्पी

बंद होणं ही परीक्षाच नाही. रिझर्व्ह ट्रेची परीक्षा उघडताना होते.

ट्रे प्रमाणाबाहेर भरली की काय काय होतं ते पाहा. पहिलं, पिनवर (लूपमध्ये अडकवलेल्या खिळीवर) ताण वाढतो. टीएसओच्या (अमेरिकी हवाई प्रमाणपत्राच्या) निकषात रिपकॉर्ड (हँडलपासून पिनपर्यंतची तार) ओढायला २२ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १० किलोपेक्षा, जास्त जोर लागू नये. हँडलला स्प्रिंग काटा अडकवून, हात ज्या दिशेला ओढेल त्याच दिशेला ओढून हे मोजता येतं. मोजायला दोन मिनिटं लागतात, तरी फार थोडे लोक विचारतात.

दुसरं जास्त वाईट. पिन निघाली, पायलट शूट (रिझर्व्हला बाहेर ओढणारी छोटी छत्री) उडालं, पण फ्रीबॅग (रिझर्व्हची घडी ठेवलेली पिशवी) कोपऱ्यांत अडकली. बाजूचे फ्लॅप तिला चिमट्यासारखे धरून ठेवतात. मेन ट्रेही गच्च असेल आणि मेन अजून आत असेल (टोटल मालफंक्शन), तर खालूनही दाब येतो. कटअवे करून (मेन सोडून देऊन) रिझर्व्ह काढताना एमएआरडी (सुटलेल्या मेनने रिझर्व्ह ओढून काढणारी जोडणी) असेल तर निघून जाणारी मेनच बॅग ओढून काढते आणि गच्चपणा झाकला जातो. टोटलमध्ये आणि एएडीच्या वेळी ती मदत नसते. बॅग बाहेर ओढायला फक्त पायलट शूट.

आकडे मांडून पाहू. सायप्रस २ एक्स्पर्ट हा एएडी ३५ मीटर प्रति सेकंदाहून जास्त वेगात साधारण २२५ मीटरवर लूप कापतो. फ्रीफॉलचा वेग ५० मीटर प्रति सेकंदाच्या वर. रिझर्व्ह साधारण ३ सेकंदांत किंवा ३०० फुटांत उघडावी असं चाचणीचं गणित. बॅग ट्रेमध्ये एक सेकंद घुटमळली तर ५० मीटर गेले. उरलेल्या हिशोबात ते कुठून काढणार? यूएसपीएने (अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने) २०१३ मध्ये सी आणि डी या अनुभवींच्या परवान्यांसाठी मेन उघडण्याची किमान उंची २,००० वरून २,५०० फूट केली, तीही मेन आणि एएडी यांच्यामधली जागा वाढवायलाच.

लूप लांब करणं हा तर उपायच नव्हे. लूपची लांबी त्या कंटेनरच्या पुस्तिकेत दिलेली असते, वॉशरपासून मोजायची. त्या पल्ल्याबाहेर जावं लागतंय याचा अर्थ आत कापड जास्त आहे. लांब लूपमुळे पायलट शूटची स्प्रिंग पूर्ण दबत नाही, टोपी वर राहते, आणि उडण्याचा जोर कमी होतो. म्हणजे बॅग जड केली आणि ओढणारा हात अशक्त केला.

घडीकार

सातकप्पींशी सहमत. आता दुसऱ्या टोकाबद्दल, कारण '१२६ घे' म्हणणारेही आहेत.

लहान रिझर्व्ह मोठ्या ट्रेमध्ये घातली की रिग दिसायला सपाट दिसते, पण लूप फक्त मधला भाग खाली ओढतो. कोपरे पोकळ राहतात, बॅग आत सरकते, बाजूचे फ्लॅप सैल पडतात आणि राइझर कव्हरही (खांद्यावरच्या पट्ट्यांची झाकणंही) नीट बसत नाहीत. पायलट शूटला खालून टणक आधार हवा. तो नसला की ते बॅगमध्ये रुततं आणि स्प्रिंगचा जोर कापड दाबण्यात जातो. पिनवर पुरेसा ताण नसेल तर विमानात दाराच्या कडेला घासून ती सरकण्याचा धोका. एएडीलाही लूप ताणलेला लागतो. फोम किंवा कापडाची भर घालून पोकळी भरणं कुठल्याही पुस्तिकेत नाही.

उभी_झेप

म्हणजे ऑप्टिमम १६०? तिचं कापड पातळ असल्यामुळे ती १४३ च्या जागेत बसते असं ऐकलंय. हे कितपत खरं? आणि वापरलेली असेल तर काय पाहायचं?

सातकप्पी

खरं आहे. ऑप्टिमम कमी जाडीच्या कापडाची आहे आणि त्याच आकड्याच्या पीडीआरपेक्षा साधारण एक माप लहान भरते. म्हणून ऑप्टिमम १६० चं आकारमान पीडीआर १४३ च्या आसपास येतं. तुमच्या वजनाला आणि या ट्रेला तीच जुळते. पीडीआर १४३ बसेल, पण १.३९ चं लोडिंग १८० उड्यांना मी सुचवणार नाही.

'साधारण' या शब्दावर मात्र थांबू नका. कंटेनरच्या निर्मात्याचा ताजा तक्ता घ्या आणि त्यात ऑप्टिमम १६० नावाने आहे का पाहा. वेगवेगळे उत्पादक चौरस फूट वेगवेगळ्या रीतीने मोजतात, म्हणून एकाची १५० आणि दुसऱ्याची १४३ आकारमानात शेजारी शेजारी असू शकतात. घनइंचाचे आकडेही कोणी, कुठल्या दमट हवेत मोजले त्यावर हलतात. नायलॉन ओल धरतं. कोरी कॅनोपी पहिल्या एक-दोन घड्यांना फुगीर राहते, जुनी नरम पडते. तक्त्यात नसेल तर निर्मात्याला कंटेनरचा अनुक्रमांक आणि उत्पादन तारीख लिहून विचारा.

फ्रीबॅगवरचं लेबलही वाचा. वापरलेल्या रिगमध्ये कधी कधी फ्रीबॅग किंवा रिझर्व्हचं पायलट शूट दुसऱ्याच कंटेनरचं निघतं. ही दोन्ही कंटेनरच्या संचाचा भाग आहेत, अदलाबदलीची नाहीत.

घडीकार

वापरलेल्या कॅनोपीबद्दल: पीडीच्या रिझर्व्हवर एक छापील पट्टी असते, त्यावर प्रत्येक रिपॅक (पुन्हा घातलेली घडी) आणि प्रत्येक वापराची खूण करायची. ४० रिपॅक किंवा २५ वापर झाले की ती तपासणीला कंपनीकडे पाठवावी लागते. पट्टी कोरी आणि रिपॅकच्या नोंदींच्या कार्डावर मात्र वीस रिपॅक असतील तर खुणा केल्याच गेल्या नाहीत, असा अर्थ. पट्टी आणि कार्ड शेजारी ठेवून वाचा.

मग दोन लेबलं समोरासमोर धरा, कॅनोपीचं आणि हार्नेसचं (अंगावरच्या पट्ट्यांचं). दोन्हींवर कमाल वजन आणि वेग असतो. जुळणीला त्यातला लहान आकडा लागू. कॅनोपीच्या उघडण्याच्या धक्क्याला हार्नेस पुरेसा मजबूत आहे ना, हे जुळणी करणारा रिगर (रिझर्व्हची घडी घालणारा तंत्रज्ञ) बघतो, पण मालकाने विचारायला हरकत नाही.

पाय_जमिनीवर

लूपचा मुद्दा पटला, मागे घेतो. मेन १५० आणि रिझर्व्ह १६०, दोन्ही एकदम बाहेर आल्या तर?

सातकप्पी

मापं जवळची असणं चांगलंच. बायप्लेन (एकीमागे एक) किंवा शेजारी-शेजारी स्थितीत त्या सारख्या वेगाने उडतात. मेन १९० आणि रिझर्व्ह ११३ अशा जोडीत एक दुसरीच्या पुढे धावू बघते. १५०-१६० मध्ये काळजी नाही.

घडीकार

उभी_झेप, घेण्याआधी रिगरकडून एवढं करून घ्या. ऑप्टिमम घालून कंटेनर पूर्ण बंद, मेनही घडी करून मेन ट्रेमध्ये. लूपची लांबी लिहून घ्या. रात्रभर ठेवा, कापड बसतं आणि ताण बदलतो. सकाळी काट्याने पिनचा जोर मोजा. मग हार्नेस अंगात घालून, पट्टे आवळून, थोडं पुढे वाकून रिपकॉर्ड स्वतः ओढा. पायलट शूट जोरात उडायला हवं. नंतर दुसऱ्याने ब्राइडल (पायलट शूट आणि बॅग जोडणारी पट्टी) धरून बॅग सावकाश उचलावी, एकदा सरळ मागे, एकदा डोक्याच्या दिशेने, एकदा तिरकी. बॅगबरोबर अख्खी रिग वर उचलली जात असेल तर कंटेनर परत करा. मेनची पिन लावलेली असतानाच हे करा, नाहीतर टोटलची स्थिती तपासलीच जात नाही.